डझनामागे अठ्ठ्याण्णव रुपये

जुलै 2022 मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून एक वीस फुटी कंटेनर न्हावा शेवाकडे निघाला. आत आठ टन टेरी टॉवेल, नग वीस हजार, डझनात मोजले तर 1,666. माल दुबईच्या एका घाऊक व्यापाऱ्यासाठी, भाव किलोला पाच डॉलर. या कारखान्याचे निर्यातीचे कागद मी करते, त्यामुळे फाईल माझ्याच हातची. त्याच आठवड्यात तिथल्या कडा शिवणाऱ्या अकरा बायकांनी डझनामागे दोन रुपये वाढवून मागितले आणि मालकांनी परवडत नाही म्हणून नकार दिला.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांचा आणि पुढच्या तीन वर्षांचा हा हिशेब. कारखान्याचं आणि माणसांचं नाव देत नाही. आकडे गोल केले आहेत, प्रमाण तेच आहे.

कारखाना

चोवीस यंत्रमाग, दोन शेड. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही. आजोबा गिरणीत, वडील हातमागावर, अण्णा यंत्रमागावर, अशी सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या, घरांची वाट आहे. 1877 साली जुनी गिरणी उभी राहिली तेव्हापासून हे गाव सुतावर जगतं. गिरण्या बंद पडल्या, पण कसब पेठांमध्ये आणि एमआयडीसीच्या शेडमध्ये उरलं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अण्णांनी वीस वर्षं मुंबईच्या एका व्यापारी निर्यातदाराला माल दिला. टॉवेल परदेशी जातो एवढं माहीत होतं. कुठे, कुणाकडे, काय भावाने, हे विचारण्याची रीत नव्हती. 2021 मध्ये त्यांनी स्वतःचा आयात-निर्यात कोड काढला आणि ओळखीतून दुबईचा हा ग्राहक मिळाला.

मागावर विणकर पुरुष. कांडी, म्हणजे आडव्या सुताची रीळ, भरायला काही वयस्क बायका. कडा शिवणं, सुटे धागे कापणं, घडी आणि पॅकिंग हे सगळं त्या अकरा जणींकडे, डझनावर मजुरी. त्यांची नावं तेव्हा हजेरीपटावर नव्हती. शनिवारी वहीत डझन मांडायचे आणि हातात पैसे द्यायचे. यातल्या बहुतेकींच्या घरी विडीचं काम आहे. सोलापुरात हे समजून घेतल्याशिवाय टॉवेलच्या कारखान्यातली बाई समजत नाही. विडी वळणाऱ्या बाईकडे विडी कामगाराचं कार्ड असतं, भविष्य निर्वाह निधी असतो, नोव्हेंबर 2025 पर्यंत 1966 चा स्वतंत्र कायदा होता, कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत आहे. टॉवेल शिवणारीकडे यातलं काही नाही. म्हणून टॉवेलची मजुरी फार खाली गेली की ती सरळ घरी बसून विड्या वळते. अण्णांना याची भीती होती, आणि त्या बायकांची ताकद असलीच तर तेवढीच होती.

कागद

भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा व्यापक आर्थिक भागीदारी करार 18 फेब्रुवारी 2022 ला झाला आणि 1 मे 2022 पासून लागू झाला. त्याआधी आपल्या टॉवेलवर तिथे पाच टक्के ड्यूटी लागायची. करारानंतर शून्य, पण एका अटीवर: माल भारतातच तयार झाल्याचं उगम प्रमाणपत्र सोबत हवं.

जुलैच्या कंटेनरच्या वेळी ग्राहकाचा एका ओळीचा मेल आला, नव्या कराराचं प्रमाणपत्र पाठवा. मी चार दिवसांत काढून दिलं. सूत तामिळनाडूच्या गिरणीचं, रंगाई सोलापुरातली, विणकाम इथलं. माल अस्सल भारतीय असल्याबद्दल शंका नव्हती. तरी सुताची बिलं, रंगाईची चलनं, खर्चाचा तक्ता, टॉवेलचा सहा आकडी वर्गीकरण क्रमांक 630260, हे सगळं जुळवून विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन यंत्रणेत अर्ज करावा लागला. रंगाईवाल्याने दोन चलनांवर तारीखच घातली नव्हती, त्यात एक दिवस गेला. प्रमाणपत्र मिळालं, कुरिअर केलं. एक काम संपलं म्हणून मी फाईल बंद केली.

चूक तिथे झाली आणि ती माझी आहे. ड्यूटी भरतो आयातदार, म्हणून ती वाचली की पहिल्यांदा आयातदाराच्या खिशात राहते. आमचं प्रमाणपत्र त्याच्यासाठी पैसे होते आणि आम्ही ते फुकट दिलं. भाव तोच, पाच डॉलर.

त्या वर्षी कापसाने सगळ्यांची झोप उडवली होती. मे 2022 मध्ये खंडीचा, म्हणजे सुमारे 356 किलोचा, भाव एक लाखाच्या वर गेला. सूत महाग, आणि ग्राहक भाव वाढवून द्यायला तयार नाही. अण्णांनी बायकांना परवडत नाही सांगितलं ते खोटं नव्हतं. त्यांच्या वहीत खरोखर काही उरत नव्हतं. त्या अकरा जणींतल्या मोठ्या अक्कांचं उत्तर मला आठवतं: "अण्णा, दोनच रुपये म्हणतोय की आम्ही." अण्णा गप्प बसले.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कंटेनरचे कागद करताना मी सहज गणित मांडलं. डझनभर टॉवेलचं वजन 4.8 किलो. पाच डॉलरने 24 डॉलर, भाडं-विमा धरून साधारण 24.6. त्याचे पाच टक्के 1.23 डॉलर. जुलैच्या ऐंशीच्या दराने अठ्ठ्याण्णव रुपये.

म्हणजे आमच्या एका कागदामुळे डझनामागे 98 रुपये वाचले, कंटेनरवर जवळजवळ एक लाख 64 हजार. आणि बायकांनी मागितलेले दोन रुपये अख्ख्या कंटेनरवर होत होते 3,333. मी हा कागद अण्णांसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाले, "हे आपल्याला कुणी सांगितलं का नाही?"

दिल्ली, 1968

याचं एक उत्तर बरंच जुनं आहे. 1968 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचं दुसरं अधिवेशन भरलं. तिथल्या ठरावातून विकसनशील देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी कमी आयात शुल्क लावावं, त्याबदल्यात काही मागू नये, ही व्यवस्था आकाराला आली. 1971 मध्ये युरोपीय समुदायाने ती सुरू केली, 1 जानेवारी 1976 पासून अमेरिकेने. ठरावाने उद्देश तीन सांगितले: विकसनशील देशांची निर्यातीची कमाई वाढावी, त्यांच्याकडे उद्योग उभे राहावेत, त्यांच्या वाढीचा वेग वाढावा. तिन्ही देशाच्या पातळीवरचे. निर्यात वाढली की तो पैसा आपोआप मागापर्यंत आणि शिलाईच्या टेबलापर्यंत झिरपेल असं धरून चाललेलं. दुबईचा करार या एकतर्फी सवलतींसारखा नाही, तो देवाणघेवाणीचा आहे. पण झिरपण्याबद्दलचं गृहीत त्यातही तेच आहे.

माझ्या अनुभवात पैसा झिरपत नाही. ज्याला तो कुठे आहे ते माहीत असतं आणि ज्याच्यापाशी दुसरा पर्याय असतो, तोच हा पैसा उचलतो. आयातदाराला दर माहीत होता आणि त्याच्याकडे दहा पुरवठादार होते. अण्णांना दर माहीत नव्हता आणि ग्राहक एकच. बायकांना तर असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

दुबईचं उत्तर

आम्ही ग्राहकाला लिहिलं. भाषा मऊ ठेवली, आकडे स्पष्ट मांडले: पाच टक्के वाचतात, निम्मे आम्हाला द्या. त्याने फोन केला आणि तासभर बोलला. तो माणूस लबाड नव्हता हे इथे नोंदवायला हवं. त्याचे दोन मुद्दे होते.

पहिला, दुबईच्या बाजारात टॉवेलचा भाव पाकिस्तानी माल ठरवतो. त्यांच्या रुपयाची किंमत घसरली होती, त्यामुळे त्यांचा माल आधीच स्वस्त पडत होता. आमचे पाच टक्के वाचले म्हणून तो दुकानदाराला जुन्याच भावात माल देऊ शकला, नाहीतर ऑर्डरच तुटली असती. सवलतीतला काही भाग अशा रीतीने ऑर्डर टिकवण्यात गेला. हे मला पटलं.

दुसरा मुद्दा मला माहीतच नव्हता. त्याचा निम्मा माल जेबेल अलीच्या मुक्त क्षेत्रातून परस्पर आफ्रिकेत जातो. जो माल अमिरातीच्या बाजारात शिरतच नाही, त्यावर तिथली ड्यूटी आधीही नव्हती आणि आताही नाही. त्या निम्म्या मालाला आमच्या प्रमाणपत्राचा उपयोग शून्य. म्हणजे माझे 98 रुपये सरासरीने 49 वर आले. सवलतीचा हिशेब करताना माल शेवटी कुठे वापरला जाणार हे विचारायचं असतं, ही गोष्ट त्या फोनवर शिकले.

त्याने देऊ केले किलोला सहा सेंट, आणि त्याहून मोलाचं म्हणजे तीस टक्के आगाऊ रक्कम. आधी पैसे यायला नव्वद दिवस लागत. आगाऊ रकमेमुळे सूत उधारीवर घेऊन त्यावर व्याज भरणं बरंच कमी झालं. सहा सेंट म्हणजे नव्या दराने डझनामागे साधारण साडेतेवीस रुपये, कंटेनरवर साडेएकोणचाळीस हजार.

आता हे साडेतेवीस वाटायचे होते. अण्णांनी बायकांना दोन रुपये दिले, कांडीवाल्यांना थोडं, बाकी सुताच्या वाढलेल्या भावात गेलं. विणकरांचा दर त्यांनी हलवला नाही. विणकाम मजुरी गावात एकत्र बसून ठरते. एकट्याने वाढवली की शेजारचे कारखानदार बोल लावतात आणि मंदीत ती पाठीवर बसते. मी भांडले. चोवीस माग चालवणारी माणसंच या टॉवेलची कर्ती आहेत आणि त्यांना या कागदातून रुपयाही मिळाला नाही. अण्णांनी दिवाळीला जादा बोनस दिला. तो बोनस देणं त्यांच्या हातात होतं, पण पुढच्या दिवाळीला ते द्यायला बांधील नव्हते, आणि हा फरक कामगाराला नेमका कळतो.

युरोपची चौकशी

2023 मध्ये नेदरलँड्सहून एक चौकशी आली. नमुने आवडले. मग त्यांनी पाकिस्तानी कारखान्याचा भाव समोर ठेवला. पाकिस्तानला 1 जानेवारी 2014 पासून युरोपीय संघात वाढीव सवलत आहे, टॉवेलवर शून्य ड्यूटी. बांगलादेशाला अल्पविकसित देश म्हणून शून्य. तुर्कस्तानशी युरोपचा सीमाशुल्क संघच आहे, म्हणजे तिथेही शून्य. आमच्या टॉवेलवर तेव्हा मूळ बारा टक्क्यांतली थोडी सूट जाऊन 9.6 टक्के ड्यूटी होती. किलोला पाच डॉलर धरले तर 48 सेंट, जवळपास चाळीस रुपये. मागावर एवढे रुपये वाचवायची जागाच नाही. तो कारखाना आमच्यापेक्षा चांगलं विणत होता म्हणून नव्हे, तर त्याच्या देशाच्या रकान्यात शून्य होतं म्हणून ऑर्डर गेली. ज्याला सवलत मिळत नाही, त्याच्या वाट्याला दुसऱ्याची सवलत अशी येते.

तरी त्या न आलेल्या ऑर्डरने कारखान्यात एक गोष्ट घडवली. खरेदीदाराने भाव ठरण्याआधीच सामाजिक तपासणीची यादी पाठवली होती: प्रत्येक कामगाराचं नाव हजेरीपटावर, वेतनपावती, कामाचे तास, आगीच्या वेळी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा. पाकिस्तानच्या वाढीव सवलतीलाही मानवी हक्क, कामगार, पर्यावरण आणि सुशासनाच्या 27 आंतरराष्ट्रीय करारांची अट आहे. युरोपच्या खरेदीदारांना अशा याद्या अंगवळणी पडल्या आहेत. अण्णांनी यादी मनावर घेतली. अकरांपैकी सात जणींची नावं हजेरीपटावर आली, त्यांचा निधी सुरू झाला. चौघींनी नको सांगितलं. दुसरीकडे नाव लागलं तर विडीचं कार्ड जाईल, ही त्यांची धास्ती. मी समजावलं, पण ठाम खात्री द्यावी इतकं माझं ज्ञान नव्हतं, आणि त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. घराचा हप्ता त्या कार्डाच्या भरवशावर असतो.

दुसरा दरवाजा मात्र लांबणीवर पडला. ऑर्डर नाही तर खर्च कशाला, असं झालं. 18 मे 2025 च्या पहाटे याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले, मालकाचे कुटुंबीयही आणि कामगारही. आमच्या शेडपासून ती जागा लांब नाही. त्या आठवड्यात अण्णांनी मागची भिंत फोडून दरवाजा बसवला. दोन वर्षं आधी तो यादीत होता. हे लिहिताना अजून जड जातं.

यावरून मला कंबोडियाचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. 1999 मध्ये अमेरिकेने कंबोडियाशी कापड करार केला, त्यात कोटा वाढवून देण्याची अट कारखान्यांतल्या कामगारांच्या परिस्थितीशी जोडली होती. परिस्थिती सुधारली तर पुढच्या वर्षी जास्त माल पाठवता येई. 2001 पासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना कारखान्यांत जाऊन पाहणी करू लागली. बक्षीस मालकाला मिळे, पण त्याची वाट कामगाराच्या टेबलावरून जात होती. 2005 च्या सुरुवातीला जगातले कापडाचे कोटे संपले आणि ते बक्षीसही संपलं; पाहणी मात्र चालू राहिली. आमच्या प्रमाणपत्रात सूत कुठलं, रंग कुठला, विणलं कुठे हे सगळं येतं. शिवलं कुणी आणि तिला काय मिळालं, याला रकाना नाही.

दिलेलं आणि काढून घेतलेलं

अमेरिकेबद्दल थोडक्यात, कारण विचारणारे फार असतात. 5 जून 2019 ला अमेरिकेने भारताची एकतर्फी सवलत काढली तेव्हा सोलापुरात घबराट झाली, पण टॉवेल त्या यादीत कधी नव्हताच. तिथल्या कायद्याने बहुतेक कापडमाल आधीपासून बाहेर ठेवला होता. टॉवेलवर 9.1 टक्के ड्यूटी लागायची आणि लागत राहिली. खरा फटका 27 ऑगस्ट 2025 ला बसला, भारतीय मालावरचा जादा आकार पन्नास टक्क्यांवर गेला तेव्हा. आमच्या कारखान्याचा थेट माल तिकडे जात नव्हता. पण ज्यांचा जात होता, त्यांनी तोच माल दुबईकडे वळवायचा प्रयत्न केला आणि आमच्या ग्राहकाने लगेच भाव पाडून मागितला. सहा सेंटांपैकी दोन तेव्हा गेले. बायकांचे दोन रुपये अण्णांनी कापले नाहीत. एकदा दिलेली मजुरी मागे घेणं त्यांना लाजेचं वाटतं, असं ते म्हणाले.

आता

माझ्या खर्चाच्या तक्त्यात एक नवा रकाना आहे: "ड्यूटीतली सूट, डझनाला". भाव पाठवण्याआधी तो भरला जातो. ग्राहकाला विचारतो, माल कुठल्या बाजारात विकणार. उगमाचे कागद ऑर्डर आल्यावर शोधत नाही. रंगाईवाल्याकडून तारखेशिवाय चलन घेत नाही. आजूबाजूच्या चार कारखानदारांना मी हा तक्ता दिला. दोघे वापरतात. एकाने सांगितलं, मुंबईच्या व्यापाऱ्याला असं विचारलं तर तो दुसरीकडून माल घेईल. त्याचं म्हणणं चूक नाही. आठ-दहा मागांच्या माणसाला स्वतःच्या नावाने प्रमाणपत्र काढणं जड जातं, ग्राहक शोधणं त्याहून जड. सहकारी पद्धतीने दहा जणांनी मिळून एक कागद करणारा माणूस ठेवला तर त्याचा पगार एका कंटेनरच्या सवलतीतून निघतो. यावर दोन बैठका झाल्या. तिसरी अजून व्हायची आहे.

24 जुलै 2025 ला भारत आणि ब्रिटनच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. आपल्या कापडमालावरची तिथली ड्यूटी शून्यावर आणायचं त्यात ठरलं. बातमी आल्यावर थोड्याच दिवसांत इंग्लंडहून एक चौकशी आली. मी अण्णांच्या टेबलाशी कोटेशन करत बसले होते. मोठ्या अक्का घड्या घालता घालता म्हणाल्या, "इंग्लंडच्या डझनाला किती सुटतात?"

मी नऊ-दहा टक्के धरून मांडलं. दोनशेच्या आसपास.

"मग आमचे किती ते आधीच लिहा की त्यात. मागच्यासारखं नंतर नको."

अण्णांनी माझ्याकडून कागद घेतला, शिलाईच्या दरापुढचा आकडा खोडला आणि पेन हातात धरून अक्कांना विचारलं, "बोला, किती लिहू?"